स्क्रिप्टचे पर्याय, सेटिंग्ज आणि त्यांचा अग्रक्रम

टर्मिनलवर कमांड लिहून एंटर दाबले की प्रोग्रामच्या हाती नेमके काय पडते, हे समजले की पर्यायांचा निम्मा गुंता सुटतो. शेल ती ओळ मोकळ्या जागांवर तोडते, तारांकनासारख्या खुणा उलगडून त्यांच्या जागी फायलींची नावे भरते आणि तयार झालेली शब्दांची यादी प्रोग्रामकडे सोपवते. त्या यादीत पर्याय कोणते आणि फायली कोणत्या, हा भेद शेल करत नाही. डॅशने सुरू होणारा शब्द म्हणजे पर्याय, हा ऑपरेटिंग सिस्टिमचा नियम नव्हे. प्रोग्राम लिहिणाऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या पाळलेला तो संकेत आहे. याचा परिणाम कधी कधी धक्कादायक असतो. फोल्डरमध्ये डॅश, आर, एफ या तीन चिन्हांच्या नावाची एखादी फाईल असेल आणि कुणी 'आरएम *' लिहिले, तर आरएमला ते फाईलचे नाव वाटत नाही. 'आतल्या फोल्डरांसकट, काही न विचारता पुसून टाक' असा हुकूम समजून ती कामाला लागते.

हा संकेत युनिक्सच्याही आधीचा आहे. केन थॉम्पसन आणि डेनिस रिची बेल लॅब्जमध्ये युनिक्स घडवण्याआधी मल्टिक्स या प्रणालीवर काम करत होते आणि मल्टिक्समध्ये कमांडच्या सूचना डॅशनेच सुरू होत. युनिक्सने डॅश घेतला, पण शिस्त यायला वेळ लागला. सुरुवातीचा प्रत्येक प्रोग्राम आपले पर्याय आपल्या पद्धतीने वाचत असे. त्या काळाच्या खुणा आजही वापरात आहेत. टार डॅशशिवायही आपली अक्षरे स्वीकारते, डीडीला 'आयएफ=' आणि 'ओएफ=' अशी आयबीएमच्या जुन्या भाषेची आठवण करून देणारी रचना लागते आणि फाइंडचे पर्याय एका डॅशमागे पूर्ण शब्द लिहून द्यावे लागतात. पीएस तर तीन वेगवेगळ्या परंपरांचे पर्याय एकाच वेळी ओळखते आणि त्यात डॅश लावला की नाही यावरून अर्थ बदलू शकतो.

1980 च्या सुमारास एटी अँड टीच्या सिस्टिम थ्री युनिक्सबरोबर 'गेटऑप्ट' हे फंक्शन बाहेर आले. पर्याय वाचण्याचे काम त्याने एका ठिकाणी आणले आणि 1985 मध्ये कंपनीने त्याचा सोर्स कोड सर्वांसाठी खुला केला. पुढे शेलमध्ये 'गेटऑप्ट्स' आले आणि पॉझिक्स मानकाने या सगळ्या चालीरीतींना 14 मार्गदर्शक नियमांचे रूप दिले. त्यांतले काही नियम प्रत्येक स्क्रिप्ट लिहिणाऱ्याच्या बोटांत असायला हवेत. पर्याय एका अक्षराचा असतो. ज्यांना पुढे मूल्य लागत नाही असे पर्याय एका डॅशमागे जोडून लिहिता येतात. पर्याय आधी येतात आणि फायलींची नावे नंतर. नुसता एक डॅश फाईलच्या जागी आला, तर त्याचा अर्थ स्टँडर्ड इनपुट, म्हणजे पाइपमधून येणारा मजकूर. आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे दोन डॅश एकटेच आले, तर पर्याय तिथे संपले. त्यापुढचे काहीही, मग ते डॅशने सुरू होत असले तरी, फाईलचे नावच समजायचे. वरच्या धोकादायक फाईलवर हाच उतारा आहे. 'आरएम -- *' किंवा 'आरएम ./*' असे लिहिले की ती फाईल निमूटपणे फाईल म्हणूनच हाताळली जाते. ज्या स्क्रिप्टला फायलींची नावे बाहेरून मिळतात, तिने आतल्या प्रत्येक कमांडला हे दोन डॅश द्यावेत.

जीएनू प्रकल्पाने यात दोन डॅशांचे लांब पर्याय आणले. जीएनूच्या मानकांनुसार प्रत्येक प्रोग्रामने '--हेल्प' आणि '--व्हर्जन' हे दोन पर्याय ओळखलेच पाहिजेत आणि आज ही अपेक्षा जीएनूबाहेरही सर्वमान्य आहे. लांब पर्यायाचे मूल्य बरोबरच्या चिन्हाने जोडता येते किंवा मोकळी जागा सोडून देता येते. मात्र मूल्य ऐच्छिक असेल तिथे बरोबरचे चिन्ह सक्तीचे असते. एलएसला '--कलर=ऑटो' असे सांगितले तर ती समजते, पण '--कलर ऑटो' लिहिले तर ती 'ऑटो' नावाची फाईल शोधू लागते. जीएनूचे प्रोग्राम फायलींच्या नावांनंतर आलेले पर्यायही उचलतात, मॅकओएसवरची अनेक साधने तसे करत नाहीत. लिनक्सवर चालणारी स्क्रिप्ट मॅकवर अडखळते, त्याची कारणे शोधताना हे एक हमखास सापडते. लांब पर्याय अर्धवट लिहिण्याची मुभाही जीएनूने दिली आहे, आणि कीबोर्डवर बसलेल्या माणसाला ती सोयीची असते. स्क्रिप्टमध्ये मात्र ती वापरू नये. आज एकाच पर्यायाशी जुळणारा तुकडा प्रोग्रामच्या पुढच्या आवृत्तीत दोन पर्यायांशी जुळू लागतो आणि वर्षानुवर्षे चाललेली स्क्रिप्ट एका सकाळी बंद पडते. हाताने लिहिताना आखूड आणि स्क्रिप्टमध्ये लांब व पूर्ण पर्याय ही वाटणी उत्तम, कारण स्क्रिप्ट नंतर वाचणाऱ्याला '-क्यू' म्हणजे काय हे शोधत बसावे लागत नाही.

अक्षरे निवडताना वापरणाऱ्याच्या सवयींचा मान राखावा लागतो. '-एन' म्हणजे मेक आणि आरसिंक या दोन्हींत 'प्रत्यक्ष काही करू नकोस, काय करशील ते फक्त दाखव'. '-ओ' बहुतेक ठिकाणी आउटपुटची फाईल सांगतो आणि '-क्यू' गप्प राहायला सांगतो. पण सगळीच अक्षरे इतकी एकमार्गी नाहीत. '-एफ' आरएममध्ये जबरदस्ती करतो, टारमध्ये फाईलचे नाव मागतो आणि टेलमध्ये फाईलच्या शेवटी नजर ठेवून बसतो. '-व्ही' कुठे जास्त माहिती छापतो, कुठे आवृत्ती सांगतो आणि ग्रेपमध्ये तर जुळणाऱ्या ओळी वगळून उरलेल्या दाखवतो. '-एच' अनेकदा मदत देतो, पण डीयूमध्ये आकडे माणसाला वाचता येतील असे करतो. ज्या अक्षराचे अर्थ इतके फाटलेले आहेत, त्याच्या जोडीला लांब नाव द्यावेच.

हे सगळे एका छोट्या स्क्रिप्टमध्ये पाहता येते. समजा, कागदपत्रांची रोज प्रत काढणारी 'बॅकअप' ही शेल स्क्रिप्ट आहे. '-डी' ला प्रत ठेवायचे फोल्डर लागते, '-के' ला जुन्या प्रती किती दिवस ठेवायच्या तो आकडा लागतो, '-एन' नुसती चाचणी करतो आणि '-एच' मदत छापतो. त्यानंतर ज्या फोल्डरांची प्रत काढायची, त्यांची नावे येतात. गेटऑप्ट्सला या अक्षरांची एक छोटी माळ द्यायची असते, ती अशी: कोलन, डी, कोलन, के, कोलन, एन, एच. अक्षरामागे आलेला कोलन सांगतो की या पर्यायाला मूल्य लागते, म्हणून डी आणि के यांच्या मागे तो आहे, एन आणि एच यांच्या मागे नाही. माळेच्या अगदी सुरुवातीचा कोलन वेगळे काम करतो. तो गेटऑप्ट्सला स्वतःचे ठरावीक संदेश छापण्यापासून थांबवतो आणि चूक कशी मांडायची ते स्क्रिप्टवर सोपवतो. व्हाइल लूपच्या प्रत्येक फेरीत गेटऑप्ट्स एक अक्षर काढून देते आणि त्याचे मूल्य 'ऑप्टआर्ग' या व्हेरिएबलमध्ये ठेवते. अनोळखी अक्षर आले तर हाती प्रश्नचिन्ह येते. डी लिहिला पण फोल्डर द्यायचे राहिले तर कोलन येतो. आणि दोन्ही वेळा चुकलेले अक्षर ऑप्टआर्गमध्ये मिळते. 'हा पर्याय ओळखता आला नाही' आणि 'या पर्यायापुढे फोल्डरचे नाव राहिले' हे दोन वेगळे संदेश देणे त्यामुळे शक्य होते.

लूप संपल्यावर 'ऑप्टइंड' या व्हेरिएबलमध्ये पुढच्या न वाचलेल्या शब्दाचा क्रमांक असतो. ऑप्टइंड वजा एक इतके शब्द 'शिफ्ट'ने बाजूला केले की फक्त फोल्डरांची नावे उरतात. ती पुढे पाठवताना डॉलर आणि ॲटचे चिन्ह दुहेरी अवतरणात लिहावे लागते: "$@". अवतरण चुकले तर 'जुनी बिले' या एका फोल्डरची 'जुनी' आणि 'बिले' अशी दोन शकले होतात आणि स्क्रिप्ट दोन्ही सापडत नसल्याची तक्रार करते. "$*" लिहिले तर उलट घडते, सगळी नावे चिकटून एकच लांबलचक नाव तयार होते. मोकळी जागा असलेल्या नावाने चाचणी केल्याखेरीज शेल स्क्रिप्ट तयार झाली असे म्हणू नये.

गेटऑप्ट्सची मर्यादा अशी की ते लांब पर्याय ओळखत नाही. लिनक्सवर वेगळी 'गेटऑप्ट' ही कमांड ते काम करते, पण मॅकवर त्याच नावाच्या कमांडला हे जमत नाही. म्हणून दोन्हीकडे चालवायची स्क्रिप्ट लांब पर्याय बहुधा स्वतःच्या केस आणि शिफ्टच्या लूपने वाचते. पर्याय सात-आठांच्या पुढे गेले, की शेल सोडून पायथनकडे वळणे शहाणपणाचे ठरते. पायथन 2.7 पासून त्याच्या मूळ संचात असलेले 'आर्गपार्स' पर्यायांच्या वर्णनावरून मदतीचा मजकूर आपोआप तयार करते, आकड्याच्या जागी शब्द आला तर तिथेच अडवते आणि लांब-आखूड दोन्ही रूपे सांभाळते. फक्त त्यातही अर्धवट पर्याय ओळखण्याची सवय मुळात चालू असते. पायथन 3.5 पासून ती बंद करता येते, आणि बंद करावी.

पर्याय प्रत्येक वेळी लिहावे लागतात. जे रोज तेच असते, ते सेटिंगच्या फाईलमध्ये जाते. संपूर्ण यंत्रासाठीच्या सेटिंग्ज 'ईटीसी' फोल्डरमध्ये ठेवायच्या आणि एकेका वापरकर्त्याच्या त्याच्या होम फोल्डरमध्ये, टिंबाने सुरू होणाऱ्या फायलींत, ही युनिक्सची जुनी रीत. टिंबाच्या फायली एलएसमध्ये का दिसत नाहीत याची हकीकत बेल लॅब्जमध्ये काम केलेल्या रॉब पाइक यांनी सांगितली आहे. प्रत्येक फोल्डरमध्ये स्वतःसाठी एक टिंब आणि वरच्या फोल्डरसाठी दोन टिंबे अशा नोंदी असतात. त्या यादीत नकोत म्हणून पहिले चिन्ह टिंब आहे का एवढेच एलएसमध्ये तपासले गेले. त्या घाईच्या सोडवणुकीतून लपलेल्या फायली जन्माला आल्या आणि मग प्रत्येक प्रोग्राम होम फोल्डरमध्ये आपापली टिंबफाईल टाकू लागला. हा पसारा आवरायला 2003 मध्ये एक्सडीजीचे मानक आले. त्याप्रमाणे सेटिंग्जची जागा 'एक्सडीजी_कॉन्फिग_होम' हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सांगते, आणि ते नसेल तर होममधले '.कॉन्फिग' फोल्डर धरले जाते. नव्या स्क्रिप्टने हीच जागा वापरावी.

फाईल कोणत्या स्वरूपात लिहावी, यावर वाद फार होतात. जेसनमध्ये टिपणे लिहिता येत नाहीत, म्हणून ते माणसाने हाताने लिहायच्या सेटिंगसाठी गैरसोयीचे. यॅमल दिसायला स्वच्छ आहे, पण त्याच्या 1.1 आवृत्तीच्या नियमांत अवतरणाविना लिहिलेला 'नो' हा शब्द खोटे या अर्थाचे मूल्य ठरतो. देशांच्या कोडांची यादी लिहिताना नॉर्वेचे 'एनओ' त्यात सापडून गायब झाल्याची उदाहरणे प्रसिद्ध आहेत. टॉमल या दोन्ही अडचणी टाळते आणि पायथन 3.11 पासून ते वाचण्याची सोय मूळ संचातच आहे. शेल स्क्रिप्टसाठी सगळ्यांत सोपी वाटणारी वाट म्हणजे 'नाव=मूल्य' अशा ओळींची फाईल 'सोर्स' कमांडने थेट आत घेणे. तीच सगळ्यांत धोक्याची आहे. सोर्स केलेली फाईल वाचली जात नाही, चालवली जाते. त्या फाईलमध्ये लिहू शकणारा कोणीही स्क्रिप्टच्या अधिकाराने हवी ती कमांड चालवू शकतो. स्क्रिप्ट रूटच्या अधिकाराने चालत असेल, तर सगळे यंत्रच त्याच्या हाती जाते. ओळी एकेक करून वाचणे, बरोबरच्या चिन्हावर तोडणे आणि फक्त ठाऊक असलेली नावे स्वीकारणे, एवढे कष्ट घेण्याजोगे आहेत.

आता मुख्य प्रश्न. प्रती किती दिवस ठेवायच्या, हे स्क्रिप्टच्या आतच 30 लिहिलेले आहे, ईटीसीमधली फाईल 60 सांगते, वापरकर्त्याची फाईल 14 सांगते, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये 7 आहे आणि कमांडवर कुणी '-के 3' लिहिले आहे. खरे कोणते धरायचे? सर्वमान्य उत्तर असे, की जे प्रत्यक्ष कृतीच्या सर्वांत जवळ, ते वरचढ. कमांडवरचा पर्याय सर्वांवर मात करतो, त्याखाली एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, मग वापरकर्त्याची फाईल, मग यंत्राची फाईल आणि तळाशी स्क्रिप्टमधले डिफॉल्ट. इथे उत्तर 3. कमांड लिहिणाऱ्याला या क्षणी काय हवे आहे ते त्याने आत्ताच सांगितलेले असते, म्हणून हा क्रम न्याय्य आहे; आणि बहुतेक प्रोग्राम तोच पाळत असल्यामुळे तो नव्याने शिकावा लागत नाही.

हा क्रम कोडमध्ये उतरवताना दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिले म्हणजे सेटिंगची फाईल कोणती हेच कमांडवरून सांगायची सोय असेल, तर पर्याय फाईलच्या आधी वाचावे लागतात, पण त्यांची मूल्ये फाईलच्या नंतर लागू करावी लागतात. त्यासाठी पर्यायांची मूल्ये वेगळ्या व्हेरिएबलमध्ये जपून ठेवायची आणि शेवटी वर चढवायची. दुसरे म्हणजे 'पर्याय दिलाच नाही' आणि 'डिफॉल्टइतकेच मूल्य दिले' यांत फरक ओळखता आला पाहिजे. आर्गपार्समध्ये डिफॉल्ट म्हणून 30 लिहून ठेवले, तर काहीच न लिहिणाऱ्याच्या वतीनेही ते 30 'कमांडवरून आल्यासारखे' दिसतात आणि फाईलमधल्या 14 ना पुसून टाकतात. तिथे 'नन' हे रिकामे मूल्य ठेवून खरे डिफॉल्ट सर्वांत खाली लावायचे. हो-नाही स्वरूपाच्या सेटिंगला नकाराचा पर्यायही लागतो. फाईलमध्ये एखादी गोष्ट चालू केली असेल, तर ती एका वेळेपुरती बंद करायला '--नो-' ने सुरू होणारे रूप हवे, नाहीतर कमांडचा वरचा मान नावापुरताच उरतो.

प्रस्थापित प्रोग्रामही हा क्रम एकसारखा मांडत नाहीत. गिट आधी यंत्राची, मग वापरकर्त्याची, मग त्या प्रकल्पाची फाईल वाचते आणि शेवटी सापडलेले मूल्य धरते. एसएसएच उलट चालते: कमांड, मग वापरकर्त्याची फाईल, मग यंत्राची, आणि जे मूल्य पहिल्यांदा सापडले ते कायम. परिणाम सारखाच, पण फाईलमधली मांडणी उलटी. एसएसएचच्या फाईलमध्ये सर्व यंत्रांना लागू असणारा तारांकनाचा भाग वर लिहिला, तर खालच्या विशिष्ट यंत्राच्या नोंदी निष्प्रभ ठरतात. तो भाग नेहमी तळाशीच ठेवावा लागतो.

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल हे सोयीचे पण निसरडे साधन आहे, कारण ते कमांडवर दिसत नाही आणि त्या शेलमधून सुरू झालेल्या प्रत्येक प्रोग्रामपर्यंत झिरपते. ग्रेपचे 'ग्रेप_ऑप्शन्स' याचा उत्तम धडा आहे. आपले आवडते पर्याय त्यात ठेवले की ग्रेप दर वेळी ते लावत असे. पण ते दुसऱ्यांनी लिहिलेल्या स्क्रिप्टमधल्या ग्रेपलाही लागू होत आणि त्या स्क्रिप्ट बिघडत. 2014 मध्ये ग्रेप 2.21 ने त्यावर इशारा द्यायला सुरुवात केली आणि पुढे ते व्हेरिएबल निकामी केले गेले. भाषेच्या व्हेरिएबलचेही असेच आहे. यंत्राची भाषा मराठी ठेवली की 'डेट' ही कमांड महिन्यांची आणि वारांची नावे देवनागरीत छापते. वाचणाऱ्याला ते छान वाटते, पण महिन्याचे इंग्रजी नाव शोधणारी स्क्रिप्ट तिथेच थांबते. 'एलसी_ऑल' हे व्हेरिएबल 'लँग'वर आणि बाकीच्या 'एलसी' व्हेरिएबलांवर मात करते, म्हणून दुसऱ्या कमांडचे आउटपुट चाळणारी स्क्रिप्ट त्या कमांडपुरते 'एलसी_ऑल=सी' लावून घेते.

रिकामे मूल्य हा याहून मोठा धोका आहे. शेलमध्ये व्हेरिएबल नसणे आणि असून रिकामे असणे या दोन गोष्टी आहेत. महिरपी कंसात व्हेरिएबलच्या नावापुढे नुसती वजाबाकीची खूण लिहिली, तर ते नसतानाच डिफॉल्ट लागते; कोलन आणि वजाबाकी लिहिली, तर ते रिकामे असतानाही लागते. रिकामे मूल्य किती महाग पडते हे 2015 च्या जानेवारीत दिसले. लिनक्सवरच्या स्टीम या गेमिंग प्रोग्रामच्या एका शेल स्क्रिप्टमध्ये आपले फोल्डर सांगणारे व्हेरिएबल काही परिस्थितीत रिकामे राहत असे. 'त्या फोल्डरमधले सगळे पुस' अशी ओळ तिथे 'सर्वांत वरच्या फोल्डरमधले सगळे पुस' अशी झाली आणि वापरकर्त्याच्या फायली गेल्या. कंसात कोलन आणि प्रश्नचिन्ह लिहिले असते, तर व्हेरिएबल रिकामे दिसताच स्क्रिप्ट संदेश देऊन थांबली असती. पुसणाऱ्या प्रत्येक ओळीत हे रूप वापरावे, आणि सुरुवातीला 'सेट -यू' लावावे म्हणजे नसलेल्या व्हेरिएबलवर स्क्रिप्ट स्वतःच अडते.

पासवर्ड कमांडवर पर्याय म्हणून मागू नये. कमांडचे सगळे शब्द पीएसच्या यादीत त्या यंत्रावरच्या इतर वापरकर्त्यांनाही सहसा दिसतात, आणि शेलच्या हिस्ट्रीतही साठतात. फक्त मालकाला वाचता येईल अशी फाईल किंवा स्टँडर्ड इनपुट या त्यापेक्षा बऱ्या जागा आहेत.

चूक झाली की काय करायचे, याचेही संकेत ठरलेले आहेत. '--हेल्प'ने मागितलेली मदत स्टँडर्ड आउटपुटवर जाते आणि शून्य हा यशाचा आकडा परत येतो, म्हणजे ती पाइपमधून लेसकडे पाठवता येते. चुकीच्या पर्यायावरचा संदेश मात्र स्टँडर्ड एररवर जातो आणि आकडा शून्य नसतो. आर्गपार्स अशा वेळी 2 देते; बीएसडी परंपरेत चुकीच्या वापराला 64 आणि सेटिंगमधल्या चुकीला 78 आहे. कोणताही निवडला तरी चालेल, फक्त तो सर्व ठिकाणी सारखा असावा, कारण क्रॉनमधून रात्री चालणाऱ्या स्क्रिप्टकडे पाहणारे कोणी नसते, तो आकडाच बोलतो. सेटिंग फाईलमधले अनोळखी नाव गुपचूप सोडून देऊ नये; टायपिंगमधल्या एका चुकीमुळे 'दिवस' ही सेटिंग लागलीच नाही, हे महिन्यांनी कळण्यापेक्षा पहिल्याच दिवशी कळलेले बरे.

जुन्या पर्यायाला नवा अर्थ देणे, ही एक गोष्ट कधीच करू नये. 1 ऑगस्ट 2012 रोजी अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीत, फार पूर्वी बंद केलेल्या कामाची एक खूण नव्या कामासाठी पुन्हा वापरली गेली होती. ती खूण कमांडवरची नव्हती, शेअरच्या ऑर्डरमधली होती, पण तत्त्व तेच. आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड पोहोचलाच नाही; तिथे त्या खुणेने जुने काम जागे केले आणि सुमारे 45 मिनिटांत कंपनीने 46 कोटी डॉलरांहून अधिक गमावले. पर्याय नको झाला, तर काही आवृत्त्या इशारा द्यावा, मग काढावा आणि त्याचे नाव रिकामेच राहू द्यावे.

थर वाढले की 'हे मूल्य आले कुठून' हा प्रश्न रोज पडतो आणि त्याचे उत्तर प्रोग्रामनेच द्यायला हवे. 'गिट कॉन्फिग'ला '--लिस्ट --शो-ओरिजिन' जोडले, तर प्रत्येक सेटिंगपुढे ती कोणत्या फाईलमधून आली ते छापले जाते. एसएसएचला '-जी', म्हणजे मोठा जी, आणि यंत्राचे नाव दिले, तर जोडणी न करता त्या यंत्राला लागू होणारी सगळी अंतिम मूल्ये ती दाखवते. बॅकअपसारख्या छोट्या स्क्रिप्टमध्येही ही सोय दहा-बारा ओळींत बसते. '-एन' दिल्यावर आधी प्रत्येक सेटिंगचे नाव, तिचे अंतिम मूल्य आणि ते डिफॉल्टमधून, फाईलमधून, एन्व्हायर्नमेंटमधून की कमांडवरून आले हे छापायचे. त्याखाली कोणत्या फोल्डरची प्रत कुठे जाईल आणि कोणत्या जुन्या प्रती पुसल्या जातील त्यांची यादी द्यायची. आणि काहीही न करता शून्य आकडा देऊन बाहेर पडायचे.